ठिपक्यांआडचा पासवर्ड

'पासवर्ड गेला' असं कोणी म्हणालं की लगेच 'फरगॉट पासवर्ड'वर क्लिक करू नये. आधी विचारावं, नेमकं काय गेलं? पासवर्ड खरोखर पुसला जाणं लोकांना वाटतं तेवढं सोपं नाही. बहुतेक वेळा तो जागच्या जागी असतो, त्याच्यापर्यंत जायची वाट तेवढी बंद झालेली असते. आणि खरं नुकसान होतं ते घाईच्या उपायांनी: विंडोज नव्याने टाकणं, राउटरच्या भोकात टाचणी खुपसणं, कुणाच्या तरी पेन ड्राइव्हने विंडोजचा पासवर्ड उडवणं.

गोव्यातल्या पुष्कळ घरांत असा एक कॉम्प्युटर असतो. वसरीच्या नाहीतर मधल्या खोलीच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या कव्हराखाली. सायबरएज योजनेतून अकरावी-बारावीच्या मुलांना मिळालेल्या मशीनचा जमाना सरला, त्यानंतर कधीतरी घेतलेला हा विंडोज सेव्हनवाला. मुलं आता पुण्याला, बंगळूरला, कुणी बोटीवर. घरी राहिलेली माणसं त्यावर मोजकीच कामं करतात: वीज खात्याचं बिल, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, बँकेतल्या ठेवींवर नजर, मुलांची मेल. पासवर्ड मुलांनी कधीकाळी टाकून सेव्ह केले आणि त्यानंतर ते कोणी हाताने टाइप केलेच नाहीत. चौकटीत आपोआप काळे ठिपके यायचे, एंटर मारलं की काम झालं. म्हणजे आई-बाबा पासवर्ड विसरले असं म्हणण्यात अर्थ नाही, त्यांना तो कधी माहीतच नव्हता. घरात तो माहीत असलेला एकटा म्हणजे हा कॉम्प्युटर, आणि आता त्याचंही वय झालं.

पहिली गल्लत इथेच होते. सेव्ह केलेला पासवर्ड आणि चालू राहिलेलं लॉगिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेल उघडली की थेट इनबॉक्स दिसतो, तेव्हा पासवर्ड भरला जात नसतो. मागच्या लॉगिनच्या वेळी साइटने ब्राउझरकडे ठेवलेली कुकी, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, दाखवली जात असते. तिची मुदत संपली, कोणी 'साफसफाई' करणारं सॉफ्टवेअर चालवलं, किंवा ब्राउझर बंद होताना कुकी पुसायचं सेटिंग चालू झालं, की साइट नव्याने ओळख विचारते. अशा वेळी पान उघडून नावाच्या चौकटीत एकदा क्लिक करावं. खाली नाव सुचवलं गेलं आणि ते निवडल्यावर ठिपके आले, तर पासवर्ड शाबूत आहे, कुकी तेवढी गेली. नाव येतं पण ठिपके येत नाहीत, तर ते नाव नुसतं फॉर्म भरण्याच्या आठवणीतून आलेलं असू शकतं. ती आठवण वेगळी, पासवर्डची यादी वेगळी. यादी प्रत्यक्ष उघडून बघावी: क्रोममध्ये सेटिंग्ज, ऑटोफिल, पासवर्ड्स, फायरफॉक्समध्ये उजवीकडच्या तीन रेघांच्या मेन्यूत पासवर्ड्स. क्रोमच्या याच पानावर खाली 'नेव्हर सेव्ह्ड'ची यादी असते, फायरफॉक्समध्ये ती 'एक्सेप्शन्स' नावाने सेटिंग्जमध्ये आहे. कधीतरी घाईत कोणी 'नेव्हर' दाबलं असेल तर ब्राउझर त्या साइटबद्दल पुन्हा कधी विचारत नाही, आणि घरात समज होतो की सेव्हच होत नाही. त्या यादीतून साइट काढली की झालं.

यादीत पासवर्ड आहे आणि तरी साइट उघडत नाही, तर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात बघा. तारीख काय दाखवते?

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर२०३२, ३ व्होल्टची. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. प्लग भिंतीत असेल आणि बटण चालू असेल, तर पॉवर सप्लायमधून येणाऱ्या जुजबी विजेवर घड्याळ भागवतं, बॅटरी खर्च होत नाही. आपल्याकडे मात्र मे महिन्यात आभाळ भरून आलं, विजा चमकायला लागल्या की प्लग काढून ठेवायची पद्धत आहे. पद्धत योग्यच आहे, पण मग सगळा पावसाळा घड्याळ त्या बॅटरीवर निघतं. त्यात खारी, दमट हवा. क्लिपवर हिरवट थर चढतो. चतुर्थीला कव्हर काढून मशीन चालू करावं तर तारीख १ जानेवारी आणि साल कुठलं तरी जुनं.

तारखेचा पासवर्डशी संबंध असा. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरच्या मते आज २००९ साल असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेलं नाही. मग 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असं लाल पान येतं, क्रोम कधीकधी सरळ 'युअर क्लॉक इज बिहाइंड' म्हणतो. घड्याळ उलट पुढे पळालं असेल तर कुकींची मुदत संपली असं समजून ब्राउझर त्या टाकून देतो आणि सगळीकडून एकदम लॉगआउट होतं. एका साइटचा पासवर्ड चालत नसेल तर दोष त्या साइटपुरता असू शकतो. सगळ्या साइट एकाच दिवशी रुसल्या तर आधी घड्याळावर संशय घ्यावा.

लोक म्हणतात, इंटरनेटवरून वेळ आपोआप लागते ना? लागते, पण विंडोजची त्यालाही मर्यादा आहे. घरगुती मशीनवर तो आठवड्यातून एकदा वेळ जुळवतो आणि फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल तर बदल करायला नकार देतो. त्यामुळे वर्षांची तफावत कधीच आपोआप भरून निघत नाही. आधी तारीख हाताने बरोबर लावायची, मग 'इंटरनेट टाइम'मध्ये जाऊन 'अपडेट नाऊ'. पुढच्या वेळी प्लग काढल्यावर ती पुन्हा मागे गेली तर बॅटरी बदलायची. शंभर रुपयांच्या आतलं काम आहे. प्लग काढा, चालू करायचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, मग बॅटरीच्या कडेची क्लिप नखाने बाजूला सारली की ती वर उडते. नवी घालताना अधिक चिन्ह वर. क्लिपवरचा थर खोडरबराने घासून काढता येतो. एक सावधगिरी मात्र घ्यावी. बॅटरी काढण्याआधी मशीन सुरू होतानाच डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरा आणि सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. बॅटरी निघाली की बायोस मूळपदावर येतो. हार्ड डिस्कचं सेटिंग 'एएचसीआय'चं 'आयडीई' किंवा उलट झालं, तर विंडोज सुरू होताना निळं पान येतं आणि लोकांना वाटतं डिस्कच गेली. ते एक सेटिंग फोटोप्रमाणे पूर्ववत केलं की मशीन सुरळीत उठतं.

घड्याळ बरोबर आहे आणि तरी काही मोजक्याच साइट लाल पान दाखवतात, असंही होतं. ३० सप्टेंबर २०२१ला एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, त्यावर विसंबलेल्या असंख्य साइट दीर्घकाळ बंद ठेवलेल्या कॉम्प्युटरवर उघडेनाशा झाल्या. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रं स्वतः बाळगतो, विंडोजच्या भरवशावर राहत नाही, म्हणून अशा मशीनवर तोच आधी चालवून बघावा. विंडोज सेव्हनसाठी शेवटचा क्रोम १०९ आणि शेवटचा फायरफॉक्स ११५. त्याआधीच्या विंडोज एक्सपीवर याहून मागे, क्रोम ४९ आणि फायरफॉक्स ५२ला गाडी थांबते. एक्सपीवर बँकेची साइट उघडायच्या खटपटीत मी कोणालाही मदत करणार नाही.

आता पत्त्याची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. ब्राउझर पासवर्ड साइटच्या नावासकट साठवतो. नाव म्हणजे पट्टीतला पत्ता, पानावरचं बोधचिन्ह नव्हे. पत्ता बदलला की पासवर्ड यादीत असूनही भरला जात नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५मध्ये सगळ्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन'ने संपणाऱ्या पत्त्यावर यायला सांगितलं, मुदत होती ३१ ऑक्टोबर २०२५. हा पत्ता बँकेशिवाय दुसऱ्या कोणाला घेता येत नाही, म्हणून बदल चांगलाच. पण घरोघरच्या जुन्या कॉम्प्युटरवरचे ठिपके त्या बदलात गायब झाले. कारण पासवर्ड 'डॉट कॉम'च्या नावाने ठेवलेला आणि समोर पान 'डॉट बँक डॉट इन'चं. उपाय सोपा: पासवर्डच्या यादीत बँकेचं नाव शोधा, जुन्या नोंदीवरचा डोळा दाबून पासवर्ड बघा, नव्या पानावर एकदा हाताने टाइप करा आणि पुन्हा सेव्ह करा. जुनी नोंद लगेच काढू नका, लॉगिन दोन-तीनदा नीट झालं की मग काढा.

हे करण्याआधी पत्ता खरंच बँकेचा आहे ना, हे बघायचं. ठिपके न येणं हा प्रत्येक वेळी बिघाड नसतो. 'आज रात्री तुमची वीज तोडली जाईल' असे मेसेज येतात, खाली लिंक असते, लिंकवरचं पान हुबेहूब असतं. माणूस फसतो, ब्राउझर फसत नाही, कारण त्याला रंग आणि चित्रं दिसत नाहीत, अक्षरं दिसतात. एक अक्षर इकडचं तिकडे असेल तर तो पासवर्ड काढून देत नाही. आणि नेमकं तेव्हा घरातला कोणी म्हणतो, 'कॉम्प्युटर विसरला वाटतं, वहीतून बघून टाक.' रोज आपोआप भरणारी चौकट एखाद्या दिवशी रिकामी दिसली, तर वही उघडण्याआधी पट्टीतला पत्ता डावीकडून उजवीकडे अक्षर न् अक्षर वाचावा. शक्यतो ते पान बंद करून पत्ता स्वतः टाइप करावा. सर्च करून वर आलेल्या पहिल्या दुव्यावर जाऊ नये, तो जाहिरातीचा असू शकतो. सेव्ह केलेल्या पासवर्डचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, टाइप करायचा त्रास वाचणं नंतर. 'बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये कधीच ठेवू नका' असा सरसकट सल्ला देणारे ही बाजू विसरतात.

यादीच रिकामी आहे, एकही पासवर्ड नाही, असं झालं तर प्रकरण विंडोजच्या खात्याकडे जातं. क्रोम पासवर्ड 'लॉगिन डेटा' नावाच्या फाइलमध्ये ठेवतो, पण ती पेटी ज्या किल्लीने उघडते ती विंडोजकडे असते आणि विंडोजची ती किल्ली तुमच्या विंडोज-पासवर्डावर घडवलेली असते. म्हणून विंडोजचा पासवर्ड बदलणं आणि तो उडवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून, जुना पासवर्ड देऊन नवा लावला, तर विंडोज किल्लीही नव्याने बसवतो, काही बिघडत नाही. पण जुना आठवत नाही म्हणून दुसऱ्या अॅडमिन खात्यातून किंवा पेन ड्राइव्हवरच्या सॉफ्टवेअरने जबरदस्तीने तो काढला, तर पेटी तशीच राहते आणि किल्ली निकामी होते. विंडोज तसा इशारा देतो, इंग्रजीत, लांबलचक. 'ओके' दाबून सगळे पुढे जातात. दुकानात कॉम्प्युटर नेला, त्यांनी 'पासवर्ड काढून दिला' आणि घरी आल्यावर क्रोममधलं सगळं गायब, यातलं गूढ एवढंच. असं झालं असेल तर क्रोम पुन्हा उघडण्याआधी त्याच्या 'यूझर डेटा' फोल्डरची प्रत काढून ठेवा आणि मूळ विंडोज-पासवर्ड आठवायचा प्रयत्न करा. तो आठवला आणि खात्याला जसाच्या तसा पुन्हा लावला, तर जुनी किल्ली पुन्हा चालते.

रिकाम्या यादीचं दुसरं कारण जास्त भिजऱ्या दिवसांतलं आहे. वीज झपकन गेली, यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली, विंडोज लिहिण्याच्या मधोमध तुटला. पुन्हा चालू केल्यावर डेस्कटॉप कोरा, फोटो नाहीत, पासवर्ड नाहीत, कोपऱ्यात एक फुगा: 'यू हॅव बीन लॉग्ड ऑन विथ अ टेम्पररी प्रोफाइल'. तो फुगा दिसला तर काहीही सेव्ह करू नका, कारण लॉगऑफ झालं की ते पुसलं जातं. आणि घाबरूही नका. तुमचं सामान 'सी' ड्राइव्हवर 'यूझर्स'मध्ये सहीसलामत आहे, विंडोजला त्याची वाट सापडलेली नाही एवढंच. आधी दोनदा रीस्टार्ट करून बघा. तरी तेच राहिलं तर रेजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) एडिटरमध्ये 'एचकी लोकल मशीन', 'सॉफ्टवेअर', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज एनटी', 'करंट व्हर्जन', 'प्रोफाइल लिस्ट' असं उतरत जायचं. तिथे लांब आकड्यांच्या दोन सारख्या नोंदी दिसतील, एकीच्या शेवटी 'डॉट बॅक'. बॅक नसलेलीच्या नावाच्या शेवटी 'डॉट ओल्ड' जोडा, मग दुसरीच्या नावातलं 'डॉट बॅक' काढा, तिच्या आतली 'स्टेट' आणि 'रेफकाउंट' ही मूल्यं शून्य करा, रीस्टार्ट. हात लावण्याआधी 'फाइल', 'एक्सपोर्ट'ने रेजिस्ट्रीची प्रत घ्यावी हे वेगळं सांगायला नको. आणि यूपीएसची बॅटरी बदला; घरगुती यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची असते. ती न बदलता केलेली ही दुरुस्ती पुढच्या वीज जाण्यापर्यंतच टिकेल.

फायरफॉक्सची रीत निराळी. तो विंडोजच्या किल्लीवर अवलंबून नाही, स्वतःची किल्ली शेजारीच ठेवतो. 'लॉगिन्स डॉट जेसन' या फाइलमध्ये पासवर्ड, 'की-फोर डॉट डीबी'मध्ये किल्ली. ५८च्या आधीच्या आवृत्त्यांत 'की-थ्री'. दोन्ही फाइली एकत्र असल्या तरच उपयोग. रन उघडून अॅपडेटा हा शब्द दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून टाइप केला, मग मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाइल्स असं आत गेलं की त्या सापडतात. याचा फायदा मशीन मेल्यावर कळतो. मदरबोर्ड जळला, हार्ड डिस्क चांगली असेल, तर ती यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची आणि नवा फायरफॉक्स बंद ठेवून या दोन फाइली त्याच्या प्रोफाइलमध्ये टाकायच्या. पासवर्ड परत. क्रोमची फाइल अशी नुसती उचलून नेली तर उघडत नाही. यादी अचानक रिकामी झाली आणि फोल्डरमध्ये 'लॉगिन्स डॉट जेसन डॉट करप्ट' दिसली, तर फायरफॉक्स बंद करून नावातला 'करप्ट' काढून बघावा, पुष्कळदा नोंदी परत दिसतात. या सोयीची दुसरी बाजूही उघड आहे. प्रायमरी पासवर्ड, म्हणजे सगळ्या यादीला कुलूप घालणारा पासवर्ड, लावलेला नसेल तर डिस्क ज्याच्या हातात, पासवर्ड त्याच्या हातात. दुरुस्तीला देताना हे लक्षात ठेवावं.

आता नेटच्या जोडणीचा स्वतःचा पासवर्ड. तक्रार तीच असते, 'नेटचा पासवर्ड चालत नाही', पण आकडा वाचला तर अर्धं काम होतं. कॉम्प्युटरवरून 'ब्रॉडबँड कनेक्शन' डायल करत असाल आणि ६९१ आला, तर पलीकडच्या सर्व्हरने तुम्हाला ऐकलं आणि नाकारलं. नाव-पासवर्ड चुकला, बिल थकलं, किंवा वीज गेल्यावर तुमचं जुनं सत्र पलीकडे अजून चालूच आहे आणि एका खात्याला एकच सत्र मिळतं. या शेवटच्या कारणाला औषध म्हणजे मॉडेम बंद करून दहा-पंधरा मिनिटं गप्प बसणं. ६५१ किंवा एक्सपीवरचा ६७८ आला तर पासवर्डला हात लावू नका, तुमचं म्हणणं पलीकडे पोचलेलंच नाही. केबल, मॉडेम, लाइन बघा. फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा दिवा लाल असेल तर कुठेतरी माडाचं झावळं किंवा फांदी तारेवर पडली असणार. जगातला कुठलाही पासवर्ड तो लाल दिवा विझवणार नाही.

हल्ली डायल करायचं काम राउटरच करतो आणि तोच धोका आहे. राउटरच्या मागे बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की तो कारखान्यातून आला तसा होतो. वायफायचा पासवर्ड विसरला म्हणून लोक हे करतात, आणि वायफायच्या पासवर्डबरोबर नेट देणाऱ्या कंपनीचं नाव, पासवर्ड, व्हीलॅनचा (कंपनीच्या जोडणीचा) आकडा, सगळं पुसलं जातं. मग तंत्रज्ञ येईपर्यंत घरात नेट नाही. बरं, बंद करून चालू करणं याला लोक 'रिसेट' म्हणतात आणि फोनवर पलीकडून कोणी 'रिसेट करा' म्हणालं की टाचणी शोधतात. भोकाला हात लावायच्या आधी केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता उघडून 'वॅन'च्या, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानाचा फोटो काढा. पासवर्ड तिथेही ठिपक्यांतच दिसेल, पण नाव आणि व्हीलॅन मिळतात. 'बॅकअप' नावाचं बटण असेल तर फाइल उतरवून ठेवा.

वायफायसाठी तर टाचणीची गरजच नाही. पूर्वी जोडला गेलेला विंडोज सेव्हनचा कॉम्प्युटर तो पासवर्ड दाखवतो: कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक, नेटवर्कच्या नावावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, 'शो कॅरेक्टर्स'. राउटर नवा आणला, नाव आणि पासवर्ड मुद्दाम जुनाच ठेवला, तरी कॉम्प्युटर म्हणतो की साठवलेली सेटिंग्ज नेटवर्कशी जुळत नाहीत. तो खरं बोलतो: पासवर्ड तोच असला तरी सुरक्षेचा प्रकार बदलला. 'मॅनेज वायरलेस नेटवर्क्स'मध्ये जुनी नोंद काढून नव्याने जोडा. राउटर फक्त डब्ल्यूपीए-थ्री या नव्या प्रकारावर असेल तर जुनं वायफाय कार्ड जोडलंच जाणार नाही, राउटरला डब्ल्यूपीए-टूवर आणा. जुन्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झचं नाव बहुधा दिसतही नाही. आणि चिऱ्याच्या दीड हात भिंतीपलीकडे सिग्नल मिळत नसेल तर तो पासवर्डचा प्रश्न नव्हे.

मेलच्या जुन्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. आउटलुकसारख्या सॉफ्टवेअरमधून जीमेल उतरवणाऱ्यांना पासवर्डची चौकट पुन्हा पुन्हा येते, पासवर्ड बरोबर असूनही. ३० मे २०२२ पासून गूगलने नुसतं नाव-पासवर्ड देऊन बाहेरच्या सॉफ्टवेअरला आत घेणं थांबवलं. खात्याला दुहेरी पडताळणी लावून १६ अक्षरांचा 'अॅप पासवर्ड' घ्यायचा आणि तो तिथे टाकायचा. तेवढी खटपट नको असेल तर मेल ब्राउझरमध्ये बघावी, हे उत्तम.

कीबोर्डही तपासावा. ठिपक्यांच्या आड काय टाइप झालं ते दिसत नसल्यामुळे मराठी टायपिंग चालू राहिलंय, नम लॉक बंद आहे, दमट हवेने एखादी कळ दोनदा उमटतेय, यातलं काहीच कळत नाही. नोटपॅड उघडून पासवर्ड तिथे टाइप करून बघा, मग सेव्ह न करता बंद करा. ऑल्ट-शिफ्ट चुकून दाबलं गेल्याने 'चुकीचा' ठरलेले पासवर्ड आणि त्यापायी तीनदा चुकून कुलूपबंद झालेली बँकखाती काही कमी नसतील.

विंडोज सेव्हनला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेची डागडुजी देणं बंद केलं. तेव्हा या मशीनवर नवे पासवर्ड साठवत बसण्यापेक्षा आहेत ते काढून घेणं शहाणपणाचं. क्रोममध्ये पासवर्ड्सच्या पानावर तीन ठिपक्यांत 'एक्सपोर्ट' आहे, फायरफॉक्समध्येही. निघणारी सीएसव्ही फाइल उघडी असते, कोणीही वाचू शकेल अशी. ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका: सुरुवातीची शून्यं उडतात, बारा आकडी ग्राहक क्रमांकाचं भलतंच रूप दिसतं, पंधरा आकड्यांपुढचे आकडे शून्य होतात, बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा पासवर्ड सूत्र समजला जातो. नोटपॅडमध्ये उघडा, हवं ते नव्या जागी न्या, मग शिफ्ट-डिलीट.

कागदावर लिहायला माझी अजिबात हरकत नाही. घरात शिरून वही चोरणारा आणि परदेशातून पासवर्ड पळवणारा ही माणसं निराळी. फक्त शून्य आणि ओ, एक आणि लहान एल यांत फरक दिसेल असं लिहावं, आणि बॉलपेनने. जेल पेनची शाई आपल्याकडच्या पावसाळ्यात पसरते. प्रत्येक खात्यापुढे ओटीपी कुठल्या मोबाइलवर जातो तेही लिहावं. पासवर्ड सापडूनही दार बंद राहतं ते पुष्कळदा इथे: बाबांच्या खात्यावर मुलाचा कॉलेजातला नंबर, मुलगा तीन वर्षं बोटीवर, सिम ९० दिवस न वापरल्याने बंद, आणि नंबर आता भलत्याच माणसाकडे. चतुर्थीला मुलं घरी असतील तेव्हा, जुना कॉम्प्युटर अजून लॉगिन करू देतो आहे तोवर, एकेका खात्यात जाऊन नंबर बदलून घ्यावा. नंतर तो कॉम्प्युटर भंगारवाल्याला द्यायचा झाला तर हार्ड डिस्क मात्र काढून घरात ठेवावी. चार स्क्रू आणि दोन केबली असतात.